चेक परत आला: १३८ ची फिर्याद की समरी दावा?

ग्राहकाचा चेक न वटता परत आला की बहुतेक व्यापारी थेट १३८ कडे, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातल्या चेक न वटण्याच्या गुन्ह्याच्या कलमाकडे वळतात. धाक मोठा, दोन वर्षांपर्यंत कैद. पण मुदती कडक आहेत: चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर पैसे भरायला १५ दिवस, त्यानंतर महिनाभरात फिर्याद. नोटिशीत चेकचीच रक्कम मागा. व्याज-खर्च मिसळून एकच आकडा टाकला की फिर्याद तिथेच लंगडी होते. आरोपीने गुन्हा नाकारला, तर अंतरिम भरपाई चेकच्या २० टक्क्यांपर्यंतच, तीही कोर्टाच्या मर्जीवर.

दुसरा मार्ग समरी दाव्याचा, म्हणजे पैसे वसुलीच्या झटपट दिवाणी दाव्याचा; त्यात प्रतिवादीला कोर्टाच्या परवानगीशिवाय बचाव करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालच्या या दाव्याला तीन वर्षांची मुदत. कोर्ट फी मात्र रकमेनुसार. समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत प्रतिवादीने हजर व्हायचे, पुढे बचावाची परवानगी मागायची. व्याजही मागता येते. व्यापारी वाद ३ लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल आणि तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर आधी मध्यस्थी सक्तीची. ती टाळली तर दावाच फेटाळला जातो.

दोन्ही एकाच वेळी चालवता येतात. नोटिशीची मुदत हुकली असेल आणि चेकची वैधता संपल्याने तो पुन्हा बँकेत टाकता येत नसेल, तर दावाच उरतो.