फ्लेमिंगनंतरचा बाँड: गार्डनर की होरोविट्झ?

जेम्स बाँडचा मूळ लेखक इयान फ्लेमिंग. त्याच्यानंतर जॉन गार्डनरने १९८१ मध्ये ‘लायसन्स रिन्यूड’पासून बाँडला थेट ऐंशीच्या दशकात आणलं, हाती साब ९०० टर्बो ही गाडी दिली. १९९६ पर्यंत चौदा स्वतंत्र कादंबऱ्या झाल्या आणि तिथेच घात झाला: सोबतचं कुणीतरी फितूर निघणार हे इतक्यांदा घडतं की धक्काच बसेनासा होतो.

अँथनी होरोविट्झने तीनच लिहिल्या, पण फ्लेमिंगच्याच काळात राहून. ‘ट्रिगर मॉर्टिस’ (२०१५) फ्लेमिंगच्या ‘गोल्डफिंगर’ कादंबरीनंतर लगेच, १९५७ मध्ये घडते, मोटारशर्यतीच्या भागात फ्लेमिंगचं अप्रकाशित लेखन वापरलंय. मूळ पुस्तकांवर जीव असणाऱ्यांनी आधी हीच घ्यावी.

गार्डनरची एकच वाचायची तर ‘नोबडी लिव्ह्ज फॉरएव्हर’. बाँडच्या डोक्यावर बक्षीस लागतं, त्याचं घर सांभाळणारी मे आणि त्याच्या वरिष्ठाची सेक्रेटरी मनीपेनी पळवल्या जातात, आणि गोष्ट कुठेच रेंगाळत नाही.