पहिले दोन ड्रम चांगले होते

कोपरखैरणे, तुर्भे, कळंबोली, तळोजा या पट्ट्यात ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. स्वस्तात 'बायो', म्हणजे डिझेलऐवजी टाकायचं बायोडिझेल, घ्या म्हणून कुणी मागे लागलं असेल, तर पैसे देण्याआधी एवढं वाचा.

माझे वडील वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी होते. ते निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतून पहिला टेम्पो घेतला. दुसरा, बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांचा), कर्जावर. ओतूर-नारायणगाव भागातला टोमॅटो आणि कांदा माळशेज घाटाने खाली आणायचा, हा आमचा धंदा. भाड्यातला मोठा वाटा डिझेलच खातं. त्यामुळे लिटरमागे 14 रुपये वाचतील असं कुणी म्हटलं की माणूस थांबून ऐकतोच. मीही ऐकलं.

हे बायो विकणारा माणूस मार्केटजवळच्या पार्किंगमध्ये गाड्यागाड्यांवर फिरायचा. "शेठ, हॉटेलच्या वापरलेल्या तेलापासून बनतं, सरकारच याच्या मागे आहे," म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं. 2018 च्या जैवइंधन धोरणात 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळायचं उद्दिष्ट आहेच. तळणीच्या तेलावर मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली की ग्लिसरीन खाली बसतं आणि वर बायोडिझेल राहतं, हेही खरंच. त्याच्याकडे डिझेलमध्ये 20 टक्के बायोडिझेल मिसळलेला तयार माल होता. थेट टाकीत ओतायचा.

200 लिटरचे पहिले दोन ड्रम टाकले. ॲव्हरेज तेच, धूर नाही, घाटात पिकअप चोख. आता माझी खात्री आहे की त्या दोन ड्रममध्ये पंपावरचं साधं डिझेलच होतं. 400 लिटरमागे 5,600 रुपयांची खोट त्याने माझा विश्वास बसावा म्हणून खाल्ली. मी आनंदाने पुढच्या सहा ड्रमचे पैसे एकदम दिले.

मग त्रास सुरू झाला. आठ दिवसांत डिझेल फिल्टर चोक. फोन केला तर म्हणाला, "बायो टाकी धुऊन काढतं शेठ, जुना गाळ सुटतो. एक-दोन फिल्टर बदला, मग बघा." ॲव्हरेज साडेआठवरून सातवर आलं. त्यावर उत्तर: "बायोची ताकद डिझेलपेक्षा थोडी कमीच असते." उग्र वास यायचा, तर म्हणे तळणीच्या तेलाचा आहे.

माझं सगळ्यात मोठं नुकसान या उत्तरांनी केलं. कारण मी विचारून पाहिलं तर प्रत्येक उत्तर कुणीतरी खरं आहे असंच सांगायचं. बायोडिझेल जुना गाळ सोडवतं, खरं आहे. त्यात ऊर्जा कमी असते, तेही खरं. पण किती कमी, हे मी विचारलं नाही. शुद्ध बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा डिझेलपेक्षा साधारण 8 टक्के कमी असते. 20 टक्के मिश्रणात ही घट दीड-दोन टक्क्यांवर येते. म्हणजे साडेआठचं ॲव्हरेज फार तर 8.3 व्हायला हवं होतं, सात नाही. आणि गाळाचं म्हणाल, तर माझी बीएस-6 गाडी सव्वा वर्षाची. तिच्या टाकीत वर्षानुवर्षांचा गाळ आलाच कुठून? शिवाय गाळ एकदा-दोनदा येऊन संपतो. माझे महिन्यात चार फिल्टर गेले.

एका रात्री रिकामे कॅरेट घेऊन गाडी माळशेज चढत होती. पावणेबाराला ड्रायव्हर काकांचा फोन आला, "अरे, गाडी रिकामी असून ओढत नाय. नुसता पांढरा धूर." दहा मिनिटांनी ती बंदच पडली, वळणाच्या अलीकडे, पावसात. तिकडे ओतूरला शेतकऱ्याने संध्याकाळी तोडा करून ठेवलेला. मी त्यांना फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग आता माल कुठं घालू?" पहाटे त्यांना दुसरी गाडी मिळाली, पण तोपर्यंत बाजार गेला होता. त्या फरकाचे पैसे मी दिले, तरी ते वाक्य कानातून जात नाही.

मिस्त्रींनी फिल्टर उघडला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. आत तपकिरी, बुळबुळीत थर. मोरीच्या जाळीत अडकलेला साबण असतो ना, अगदी तसा. बोटाने ओढला तर तार सुटली. रिटर्नचा रबरी पाइप फुगून मऊ पडला होता. या गाड्यांच्या रेलमध्ये, म्हणजे नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दीड-दोन हजार बार दाब असतो, नोझलची भोकं केसाइतकी बारीक. त्यातून असलं काही गेलं की संपलंच. चार नोझल, हाय प्रेशर पंप आणि मजुरी मिळून 1 लाख 38 हजार. वॉरंटी? गाडीच्या पुस्तकात 7 टक्क्यांपर्यंतच बायोडिझेल चालेल असं छापलंय. मी ते पान कधी उघडलंच नव्हतं.

उरलेल्या ड्रममधला माल मी काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवला. सकाळी खाली बोटभर गढूळ थर. माझा भाचा रसायनशास्त्र शिकलाय आणि तळोज्याला प्रयोगशाळेत काम करतो. त्याने सांगितलं, "मामा, खरं बायोडिझेल 100 अंशांच्या वर गेल्याशिवाय पेट घेत नाही. याला थिनरचा वास येतोय, हे घरात ठेवू नका." अर्धवट प्रक्रिया केलेलं तळणीचं तेल आणि स्वस्त सॉल्व्हंट, असा त्याचा अंदाज. शुद्ध म्हणून विकलेल्या बायोडिझेलची साधी चाचणीही त्यानेच सांगितली: 27 मिली मिथेनॉलमध्ये 3 मिली टाकून हलवायचं. चांगलं असेल तर पूर्ण विरघळतं, कच्चं तेल किंवा खनिज तेल असेल तर तळाशी बसतं. मिथेनॉल विषारी आहे, त्यामुळे हे जाणकाराकडूनच करून घ्या.

भांडायला गेलो तेव्हा त्याने माझीच पावती माझ्यासमोर धरली. त्यावर लिहिलं होतं 'भट्टीसाठी तेल'. "गाडीत टाका असं आम्ही कुठं लिहिलंय?" हे ऐकल्यावर पाय लटपटले. पावती महिनाभर माझ्या खिशात होती. जीएसटी क्रमांक नाही, बायोडिझेल हा शब्दही नाही.

नंतर कळलं ते असं. केंद्राची 30 एप्रिल 2019 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यानुसार किरकोळ विक्रेत्याला फक्त शुद्ध बायोडिझेल, म्हणजे बी-100, विकता येतं, तेही राज्याकडे नोंदणी करून. '20 टक्के मिसळलेला तयार माल' अशी विक्री त्यांना करताच येत नाही. म्हणजे 'तयार माल' म्हणताच तो पकडला गेला असता. मला नियम माहीत नव्हता, एवढंच. बी-100 साठी आयएस 15607 हे मानक आहे. त्याचा तपासणी अहवाल बॅचसकट मागा. बिलावर 3826 हा एचएसएन क्रमांक (जीएसटीत मालाचा प्रकार सांगणारा) बघा. आणि गाडी बीएस-6 असेल तर आधी तिचं पुस्तक उघडा.

पोलिसांत आणि पुरवठा खात्याकडे मी लेखी तक्रार दिली आहे. दोन बाटल्या सीलबंद केल्यात, त्यांवर तारीख आणि पंचांच्या सह्या आहेत. भाच्याच्या सांगण्यावरून त्या घरात नाही, मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये पत्र्याच्या पेटीत आहेत. तुमच्यापैकी कुणी पार्किंगमधून असे ड्रम घेतले असतील, तर उरलेला माल ओतून टाकू नका, आणि पावती काढून तिच्यावर नेमकं काय लिहिलंय ते आजच वाचा.