‘रबर रूफ, २० वर्षं वॉरंटी’: बोस्टनकडे सपाट छताचं काम देणाऱ्यांसाठी

करारावर कामाचं वर्णन एवढंच होतं: जुनं छत काढून नवीन रबर रूफ, २० वर्षं वॉरंटी. घर बोस्टनशेजारच्या सॉमरव्हिलमधलं, त्या भागात गल्लोगल्ली दिसणारं तिमजली लाकडी घर. वरच्या मजल्यावर मालक, एक मराठी कुटुंब. खालचे दोन मजले भाड्याने. छत २२ फूट रुंद, ४५ फूट लांब, म्हणजे हजार चौरस फुटांच्या आसपास. कंत्राटदार दारावर आला तो ‘शेजारच्या गल्लीत काम चालू आहे, माल उरलाय, स्वस्तात करून देतो’ म्हणत. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवसांत काम उरकलं. फेब्रुवारीत बेडरूमच्या सीलिंगला पिवळा डाग आला, मार्चमध्ये प्लास्टर खाली पडलं, आणि तोवर कंत्राटदाराचा फोन बंद झाला होता. छत उघडल्यावर जे दिसलं ते इथे तपशिलात लिहीत आहोत, कारण या कामातली लबाडी काळ्या शीटखाली झाकली जाते आणि ती सहज पकडता येते ती काम चालू असताना.

आधी ‘रबर’ या शब्दाबद्दल. खरं रबर रूफ म्हणजे ईपीडीएम या कृत्रिम रबराची शीट. उणे ४० अंश सेल्सिअसलाही ती लवचीक राहते, म्हणूनच न्यू इंग्लंडच्या, म्हणजे बोस्टनच्या आसपासच्या राज्यांच्या, थंडीत ती चालते. पण डांबरात रबर मिसळून केलेल्या रोललाही लोक रबर रूफ म्हणतात, आणि बादलीतून रोलरने लावायच्या पातळ लेपालाही. तीनही गोष्टी वेगळ्या, त्यांचं आयुष्य वेगळं, किंमत वेगळी. करारात ‘ईपीडीएम, ६० मिल’ असं लिहून घेतलं नाही, तर यांतलं काहीही टाकून ‘रबरच टाकलं’ म्हणता येतं.

इथे शीट ईपीडीएमचीच होती, पण ४५ मिलची. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ६० मिल साधारण दीड मिलिमीटर, ४५ मिल सव्वा मिलिमीटरहूनही कमी. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, वजनकाट्याला कळतो. कापून उरलेला बरोबर एक फूट बाय एक फूट तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. ६० मिलचा तुकडा १८० ग्रॅमच्या आसपास भरतो, ४५ मिलचा १३० च्या आसपास. रोल वर चढवण्यापूर्वी त्याच्या लेबलचा फोटो काढून ठेवलात तर वजन करायचीही गरज पडणार नाही.

सर्वांत जास्त पाणी शिरलं ते सांध्यांतून. तीन शीट म्हणजे ४५ फुटांचे दोन लांब सांधे. कारखान्यात शीट गुंडाळताना ती स्वतःलाच चिकटू नये म्हणून तिच्यावर पांढरी भुकटी असते. सांध्याच्या पट्ट्यातली ही भुकटी पुसायची, दोन्ही शीटना प्रायमर घासून लावायचा, तो सुकू द्यायचा, मग तीन इंची सांधा-टेप बसवायची आणि दोन इंची रोलरने सांध्याच्या आडव्या दिशेने दाबत जायचं. या छतावर सांध्याचं टोक नखाने उचललं आणि हलकं ओढलं, तर टेप हातभर सरळ सुटत आली, जुन्या पाकिटावरचं स्टिकर सुटावं तशी. टेपच्या पाठीवर पीठ लावल्यासारखा पांढरा थर होता. प्रायमरचा ब्रश तिथे फिरलाच नव्हता. नीट झालेला सांधा असा सुटत नाही. ओढल्यावर टेप ताणते, तिचे काळे तंतू दोन्ही शीटना धरून राहतात.

प्रायमरशिवायची टेप पहिल्या दिवशी चांगली दिसते. मग बर्फ वितळून थेंबभर पाणी कडेतून आत जातं, रात्री गोठून फुगतं, दुसऱ्या दुपारी वितळून आणखी आत सरकतं. बोस्टनच्या एका हिवाळ्यात असे फेरे कितीतरी होतात. काम संपताना दोन गोष्टी पाहा. वरच्या शीटच्या कडेबाहेर टेपची बारीक काळी रेघ सलग दिसली पाहिजे. आणि सांधा जिथे दुसऱ्या सांध्याला किंवा कठड्यावरच्या पट्टीला भेटतो, तिथे टेपच्या पायरीशी बारीक पोकळी राहते, ती झाकायला वेगळं ठिगळ हवं. इथे असं एकही ठिगळ नव्हतं.

शीट खाली चिकटवायच्या गोंदाचंही तसंच. तो खालच्या पाटीवर, म्हणजे लाकडी फळ्यांवर बसवलेल्या बोर्डवर, आणि शीटच्या पाठीवर, दोन्हीकडे लावतात आणि बोट टेकवलं तर चिकट लागेल पण तार येणार नाही इतका सुकू देतात. एका गॅलनमध्ये साधारण ६० चौरस फूट होतात, म्हणजे हजार फुटांना सतरा गॅलन, पाच गॅलनच्या चार बादल्या. मालकांच्या फोटोत दोनच रिकाम्या बादल्या आहेत. गोंद पातळ फासला किंवा मधले पट्टे सोडले, म्हणूनच एवढ्यात भागलं. शिवाय हा गोंद ४० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साडेचार सेल्सिअसच्या खाली लावायचा नसतो. थंड दमट हवेत द्रावक उडताना गोंदावर दव धरतं आणि पकड जाते. नोव्हेंबरअखेर सकाळी आठला काम सुरू करणाऱ्याला तापमान विचारा. थंडीत रबर रूफ होतच नाही असं मुळीच नाही, पण त्यासाठी उबेत ठेवलेला माल, गरम हवेची गन आणि मोजून निवडलेल्या दुपारच्या वेळा लागतात.

‘जुनं छत काढून’ याचा अर्थ कंत्राटदाराने जुनी शीट सोलणे एवढाच केला. तिच्याखालची भिजलेली फायबरबोर्डची पाटी तशीच ठेवून तिच्यावर नवी शीट चिकटवली. ओली पाटी गोंद धरत नाही. उलट उन्हात तिच्यातल्या पाण्याची वाफ होऊन शीटला फोड येतात आणि खालचं लाकूड कुजतं. अमेरिकेतल्या बिल्डिंग कोडप्रमाणेही भिजलेल्या छतावर, किंवा आधीच दोन थर असलेल्या छतावर, नवं छत चढवता येत नाही. करारात ‘लाकडी फळ्यांपर्यंत सगळं काढणे’ असे शब्द हवेत आणि कुजलेली फळी बदलायचा दर आधीच ठरलेला हवा. नाहीतर छत उघडं पडल्यावर, वर ढग आलेले असताना, तोच दर तिप्पट होऊन समोर येतो. नव्या पाट्याही मोजा. चार बाय आठची पाटी ३२ चौरस फुटांची, म्हणजे हजार फुटांच्या एका थराला किमान ३२ पाट्या.

गळतीचा फोन गेल्यावर कंत्राटदार एकदा आला, चिमणीभोवती डांबरी सिमेंट थापलं आणि चारशे डॉलर घेऊन गेला. हे सर्वांत वाईट झालं. पेट्रोलियमचा पदार्थ ईपीडीएमला लागला की रबर फुगतं, मऊ पडतं, सुरकुततं, आणि मग त्या जागी खरं ठिगळही बसत नाही, तेवढा भाग कापूनच काढावा लागतो. रबराच्या छतावर डांबराचा डबा घेऊन कोणी चढत असेल तर त्याला तिथेच थांबवा. तळणीचं तेलही रबराला असंच बाधतं. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट छतावर उघडत असेल तर त्याच्याभोवती काय साचतंय ते वर्षातून एकदा पाहा.

थंड प्रदेशात आणखी एका गोष्टीवर पैसे उकळतात. कडाक्याच्या थंडीत घरातली दमट हवा सीलिंगच्या फटींतून वर जाते, गार शीटच्या खालच्या बाजूला दव बनून गोठते आणि ऊन पडलं की टपकते. पाऊस नसताना, थंडीच्या लाटेनंतरच्या पहिल्या उबदार दिवशी थेंब पडत असतील तर आधी याचा संशय घ्या. त्यावर उपाय म्हणजे खालच्या फटी बंद करणं, बाथरूमचा पंखा घराबाहेर सोडणं आणि पुरेसं इन्सुलेशन. शीटवर सीलंटच्या कितीही नळ्या ओतल्या तरी ते थेंब थांबत नाहीत.

‘२० वर्षं वॉरंटी’ होती ती शीट बनवणाऱ्या कंपनीची, फक्त मालाची. शीट स्वतःहून खराब झाली तर शीट मिळेल. सांधा सुटला, गोंद सुटला, घर भिजलं, तर काही नाही. मजुरीसह वॉरंटी हवी असेल तर कंपनीने मान्य केलेला कंत्राटदार लागतो, आणि काम झाल्यावर बहुधा कंपनीचा माणूस छत तपासून जातो. त्या तपासणीचा कागद हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

मॅसॅच्युसेट्समध्ये मालक स्वतः राहत असलेल्या चार घरांपर्यंतच्या इमारतीला राज्याच्या कायद्याचं, प्रकरण १४२ए चं, संरक्षण आहे. कंत्राटदाराची राज्याकडे नोंदणी हवी, ती राज्याच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत तपासता येते. हजार डॉलरवरच्या कामाला लेखी करार हवा. आगाऊ रक्कम एकूण रकमेच्या एक तृतीयांशापर्यंत, किंवा खास मागवलेल्या मालाची प्रत्यक्ष किंमत त्याहून जास्त असेल तर तेवढी, याच्यावर मागता येत नाही. इथे निम्म्याहून जास्त पैसे पहिल्याच दिवशी रोख गेले. आणि ‘परमिट तुमच्या नावावर काढा, लवकर मिळतं’ हे मालकांनी ऐकलं, त्यामुळे राज्याच्या भरपाई निधीवरचा त्यांचा हक्कही गेला. मालकाने स्वतः परमिट काढलं तर तो निधी मिळत नाही. घरी बसून सही केलेला करार तीन कामाच्या दिवसांत लेखी रद्द करता येतो. दारावर आलेल्या माणसाबरोबर सही झाली असेल तर ते तीन दिवस दुसरे दोन अंदाज मागवण्यात घालवा.

काम आधीच झालं असेल तर ऑक्टोबरमधल्या कोरड्या दुपारी वर जा. सांध्याच्या कडेवरून अंगठा फिरवा, जिथे कड उचलते तिथे खडूने खूण करून फोटो घ्या. कठड्याच्या तळाशी शीट कोपऱ्यात न बसता तंबूसारखी ताणली गेली आहे का पाहा, तसं असेल तर शीट तळाशी धरून ठेवणारी खिळेपट्टी तिथे टाकलेली नसावी किंवा सुटली असावी. पाऊस थांबून ४८ तास झाल्यावरही पाणी साचून असेल तर त्या तळ्याची कड खडूने आखा. तारखेसह हे सगळे फोटो पोचपावती मिळेल अशा टपालाने कंत्राटदाराला पाठवा, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत दुसऱ्या कोणालाही त्या छतावर ठिगळ मारू देऊ नका. पाणी आत येतच असेल तर तात्पुरती ताडपत्री घाला, पण तिचे खिळे शीटमध्ये ठोकू नका. कडेने वाळूच्या पिशव्या ठेवल्या तरी पुरतात.