उणे दहाची मॅट

जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठाला, बर्फातल्या ट्रेकला, जायचं ठरलं. सह्याद्रीत वापरलेली कॅरीमॅट, म्हणजे अंगाखाली घालायची फोमची चटई, बर्फावर पुरायची नाही, एवढं मला कळत होतं. पण तेवढंच कळत होतं, आणि तिथेच फसलो.

इन्स्टाग्रामवर एका विक्रेत्याकडे हवा भरायची मॅट दिसली. वजन अर्धा किलो, 'आर-व्हॅल्यू 5.8, उणे 10 अंशांपर्यंत', किंमत 2,799 रुपये. आर-व्हॅल्यू म्हणजे मॅट जमिनीची थंडी किती अडवते त्याचा आकडा, जितका जास्त तितकी मॅट उबदार. नावाजलेल्या कंपन्यांची अशी मॅट याच्या कितीतरी पट महाग असते, ही शंका आली म्हणून फोन केला. "दादा, डोळे झाकून घ्या, लडाखवाले आपल्याकडूनच नेतात." घेतली. डोळे झाकूनच.

घरी फुगवून आडवा झालो, मऊ लागली, खूश. पुण्याच्या फरशीवर कुठली मॅट गार लागणार म्हणा!

ट्रेकच्या वाटेवरच्या जुडा का तालाबच्या मुक्कामी रात्री जाग आली ती कंबरेचं हाड गारठून. वरून ऊब, खालून बर्फाची लादी. कूस बदलली की दुसरं हाड. मी स्लीपिंग बॅगला शिव्या घालत होतो, पण अंगाखाली दबलेली बॅग ऊब धरत नाही. जमिनीची थंडी अडवणं हे मॅटचंच काम. शेवटी सॅक रिकामी करून पाठीखाली घातली आणि उजाडायची वाट पाहत पडलो.

सकाळी गाईडने मॅट उचलली आणि मागून मोबाइलचा टॉर्च लावला. पलीकडून त्याची पाचही बोटं मोजता आली. आत ना तंतूंचं अस्तर, ना चंदेरी पडदा, नुसती हवा. आणि हवा मोकळी असली की आतल्या आत फिरते, अंगाची ऊब खाली जमिनीला नेऊन देते. "भैया, ये तो पानी में तैरनेवाली है," म्हणाला.

पुण्यात आल्यावर 5.8चं स्टिकर नखाने उचकटलं. खाली छापलं होतं, 'पिकनिक पॅड'. पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता काहीच नाही, खरं तर ते छापणं बंधनकारक आहे. घेतानाच पाहायला हवं होतं.

आर-व्हॅल्यू मोजायला एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेचं एफ3340 हे प्रमाण आहे. गरम आणि थंड पाट्यांमध्ये मॅट ठेवून आकडा काढतात. त्यात 'उणे दहा' वगैरे काही नसतं, ते विक्रेत्याच्या पदरचं. उन्हाळ्यात एक-दीडची मॅट चालते, आपल्या गडांवरच्या डिसेंबरला दोन-तीनची, बर्फावर पाचच्या आसपास हवी. पावसाळ्यात मात्र साधी फोमची कॅरीमॅट बरी. पाणी पीत नाही, काटा लागून फुस्स होत नाही. शिवाय दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते. हे आधी माहीत असतं तर जुनी कॅरीमॅट घरी ठेवून गेलोच नसतो.

विक्रेत्याला फोन केला. "वापरलेला माल परत नाही. आणि थंडी काय दादा, ज्याला त्याला वेगळी लागते." त्यानंतर फोन उचलणं बंद. ग्राहक हेल्पलाइनला, 1915वर, तक्रार नोंदवली. पैसे अजून यायचेत.

मॅट धाकट्या भावाने ढापली. मे महिन्यात पवनेकाठी तिच्यावर झोपून आला. म्हणाला, मस्त आहे, उगाच नावं ठेवतोस.