तासावर, महिन्यावर की कायमचा? कन्सोलच्या गेमचा हिशेब, मालवणातून

गेल्या गणपतीत मुंबईहून आलेल्या चुलतभावाने त्याचा डिस्कवाला पीएस-५, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल, आमच्या मालवणच्या घरी ठेवला, गेम मात्र एकही ठेवला नाही. "सोनीच्या ऑनलाइन स्टोअरवरून घ्या काय हवं ते," म्हणाला आणि तुतारी एक्स्प्रेस पकडून गेला. तेव्हापासून मामेभाऊ मागे लागलाय, गेम विकत घेऊया की महिन्याची वर्गणी मारूया? त्याच्या मनातला खरा प्रश्न वेगळाच होता, तो एकदा बाहेर आला: "जेवढा खेळलंय तेवढेच पैशे, असा काय नाय?"

आहे. एसटी स्टँडमागच्या गेमच्या गाळ्यात. तासाला ६० रुपये, अर्ध्या तासाला ४०. दोन टीव्ही, चार कंट्रोलर. एका कंट्रोलरच्या डाव्या स्टिकचं रबर निघून आतलं प्लॅस्टिक गुळगुळीत झालंय, तो नेमका नवख्याच्या हातात येतो. मालक मोबाइलवर गजर लावतो आणि गजर झाला की पेनल्टी मारायची बाकी असली तरी "टाइम झालो, उठा." मागच्या जुलैत बाविसाव्या मिनिटाला लाइट गेली, पैसे पूर्ण अर्ध्या तासाचे घेतले. वाद घातला नाही, पुन्हा तिथेच जायचं असतं.

फुटबॉल, कुस्ती, गाड्यांच्या शर्यती यांसाठी हा दर चोख आहे. दहा मिनिटांची मॅच, चार पोरं, प्रत्येकी पंधरा रुपये. पण गोष्ट असलेला गेम तिथे खेळून बघा. शाळेत असताना आम्ही भाड्याची सायकल घ्यायचो, तेव्हा चढावर उतरून ढकलायची पाळी आली की जीव जळायचा, कारण ढकलतानाही तास चालूच. तसंच होतं. पात्रं बोलायला लागली की आपण बटण दाबून पुढे पळवतो, कोपऱ्यातली गुहा बघत नाही, वाट चुकलो तर मजा नाही, नुकसान वाटतं. आणि दुसऱ्या दिवशी जावं तर आपल्या सेव्हवर, म्हणजे आपण जिथवर खेळलो त्या नोंदीवर, कुणीतरी नवा खेळ सुरू केलेला.

घरबसल्या कन्सोलवर गेम कायमचा न विकता मोजून द्यायचे प्रयोग झालेत. अमेरिकेत डिसेंबर १९९४ मध्ये सेगा या गेम कंपनीचं सेगा चॅनल सुरू झालं. केबल टीव्हीच्या वायरीतून गेम यायचा, पैसे महिन्याचे, आणि कन्सोल बंद केला की गेम गायब. जपानात १९९५ साली निन्टेन्डोने सॅटेलाव्ह्यू आणलं, तिथे उपग्रहावरून उतरवलेले काही गेम ठरावीक वेळाच सुरू होत. सर्वांत उघड प्रयोग सोनीचा. २०१४ मध्ये त्यांच्या प्लेस्टेशन नाऊ या सेवेवर गेम भाड्याने मिळू लागले: ४ तास, ७ दिवस, ३० दिवस, ९० दिवस. गेम उतरवायचाही नाही, नेटवरून थेट खेळायचा. ४ तासांचा दर साधारण ३ डॉलरपासून सुरू व्हायचा. पण जुन्या गेमचं ९० दिवसांचं भाडं कधी कधी त्याच गेमच्या डिस्कपेक्षा जास्त, मग लोक बोलले नसते तरच नवल. जानेवारी २०१५ मध्ये महिन्याची वर्गणी आली, पुढे तीच राहिली आणि जून २०२२ मध्ये सगळं प्लेस्टेशन प्लस या सोनीच्या दुसऱ्या वर्गणीत विरघळलं. ती भाड्याची सोय भारतात कधी आलीच नाही.

म्हणजे मामेभावाला हवं होतं ते स्टोअरवर मिळत नाही. उरतात तीन रस्ते.

पहिला, स्टोअरवरून कायमचा. भारतात पीएस-५ आला तेव्हा सोनीच्या स्वतःच्या मोठ्या नव्या गेमची किंमत ४,९९९ रुपये होती. तो २५ तासांत संपला तर तासाला २०० रुपये पडले, म्हणजे स्टँडमागच्या गाळ्याच्या तिप्पट. पण तोच पैसा फुटबॉलच्या गेमवर घातला आणि वर्षभरात २०० तास खेळलात तर तास २५ रुपयांना. माझ्या लेखी किंमत बघण्यात अर्थ नाही, आपण तो किती तास खेळणार ते स्वतःशी खरं बोलून ठरवा. ६० रुपयांच्या गाळ्याशी बरोबरी व्हायला ८३ तास लागतात. आणि "कायमचा" म्हणजे तरी काय? परवाना आपल्या खात्यावर असतो, पुढे विकता येत नाही. पैसे परत हवेत तर १४ दिवसांच्या आत आणि डाउनलोड सुरू करण्याआधी मागायचे, एकदा डाउनलोडचं बटण दाबलं की विषय संपला. सेल लागतो तेव्हा वर्षभरापूर्वीचा गेम निम्म्यावर येतो, तेवढी सबुरी असेल तर हा रस्ता वाईट नाही.

दुसरा, महिन्याचा. जून २०२२ मध्ये भारतात प्लेस्टेशन प्लसचे तीन दर आले: इसेन्शियल ४९९, एक्स्ट्रा ७४९, डिलक्स ८४९ रुपये महिना. एक्स्ट्राचं वर्ष ४,९९९ ला, म्हणजे एका नव्या गेमच्या भावात वर्षभर शेकडो गेम. नंतर दर वाढलेत, घेताना स्टोअरवरचा आकडा बघा. ही खानावळ आहे. रोज जेवणाऱ्याला परवडते, आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याचे पैसे दुसऱ्याच्या ताटात जातात. भाज्याही खानावळवाला ठरवणार: गेम यादीतून निघून जातात, अर्धवट राहिलेला गेमसुद्धा. डिलक्समध्ये काही नवे गेम ठरावीक तास चाखून बघता येतात, मोजून खेळण्याच्या सगळ्यात जवळची गोष्ट हीच. तेवढ्यासाठी मी डिलक्स घेणार नाही.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी. मोठा गेम सहज १०० जीबी भरतो. फायबरला ३० एमबीपीएस मिळाले तर साडेसात तास, मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर ५० दिवस. लाइट गेली तर डाउनलोड परत तिथूनच सुरू होतं, पण वर्गणीचा महिना कुणासाठी थांबत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात आमच्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हती. तेव्हा कुणी महिन्याचे पैसे भरले असते तर ते माडाबरोबरच आडवे झाले असते. शिवाय पीएस-५ च्या ८२५ जीबीतली साधारण ६६७ जीबीच हाताला लागते. पाच-सहा मोठे गेम, की एक काढा आणि दुसरा घाला, पुन्हा साडेसात तास.

तिसरा, डिस्क. गेम संपला की विकायची. कोल्हापूरला ओळखीचा एकजण घेतो, कुरिअरचे ऐंशी रुपये जातात, तरी निम्म्याच्या वर सुटतात. ४,९९९ चा गेम असा २,००० ला पडला, म्हणजे २५ तासांना तासाला ८०. गोष्टीचा नवा गेम घरी निवांत खेळायचा तर याहून स्वस्त काही नाही. फक्त डिस्क पावसाळ्यात कपाटात तशीच ठेवू नका, बुरशी धरते. मी तांदळाच्या डब्याशेजारी ठेवतो, आईला ते आवडत नाही.

मामेभाऊ मे महिन्यात आणि गणपतीच्या पंधरवड्यात खेळतो, एरवी बागेत नाहीतर होडीवर. बारा महिन्यांची वर्गणी त्याने घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगितलं. फुटबॉलची जुनी डिस्क घेतली, ९०० रुपयांत. गणपतीच्या चार दिवस आधी एक्स्ट्राचा एक महिना भरायचा, वाड्यात कुणाच्या तरी फायबरवर दोन गेम रात्रीत उतरवून ठेवायचे, आणि पैसे भरल्या भरल्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-रिन्यू बंद करायचं. महिना पुरा मिळतोच. गेल्या गणपतीत त्याने ते केलं नाही आणि ऑक्टोबरचे पैसे माझ्या कार्डावरून गेले.