स्टोमाची बहिर्गोल प्लेट आणि पट्टा : चार महिने वापरल्यानंतर

मी शिवणकाम करते, २४ वर्षं झाली. माणूस दारातून आत आला की त्याचा कोणता खांदा उतरता आहे ते मला कळतं. म्हणूनच हे सविस्तर लिहायला बसले आहे. ऑपरेशननंतरचे माझे सगळ्यात वाईट पाच आठवडे गेले ते मापात न बसणाऱ्या एका वस्तूपायी. माप बदललं आणि चार दिवसांत माझी झोप परत आली.

स्टोमा म्हणजे मळ बाहेर पडावा म्हणून पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड. त्याभोवती कातडीला चिकटते ती प्लेट, आणि मळ गोळा होतो ती पिशवी. ज्या वस्तूबद्दल लिहिते आहे ती म्हणजे स्टोमाच्या पिशवीची बहिर्गोल प्लेट, म्हणजे सगळे जिला कॉन्व्हेक्स म्हणतात ती. माझी मऊ प्रकारातली आहे. दोन भागांची, म्हणजे प्लेट वेगळी आणि पिशवी वेगळी, सोबत कमरेचा पट्टा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशी प्लेट बऱ्याच कंपन्या करतात आणि माझ्या पोटाला जी बसली ती तुमच्या पोटाला बसेलच असं नाही.

आधी माझं काय झालं ते थोडक्यात. गुदाशयातली गाठ काढली. आतड्याचा जोड फार खाली आला, तो भरून येईपर्यंत त्यावरून काही जाऊ नये म्हणून लहान आतड्याचा एक वेढा पोटावर बाहेर काढून ठेवला. ही तात्पुरती इलिओस्टोमी. तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगलं, आतडं काही केल्या हलेना. नाकातून नळी घालावी लागली, तीतून हिरवं पाणी येत राहिलं. सहाव्या दिवशी पहाटे पिशवी वाऱ्यानं फुगलेली दिसली तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरनं चक्क टाळी वाजवली. पुढे बेंबीखालच्या जखमेत पू झाला, दोन टाके उघडून रोज ड्रेसिंग सुरू झालं. बाराव्या दिवशी घरी सोडलं. सोबत सपाट प्लेट दिली, पिशवी कशी बदलायची ते एकदा घाईघाईत दाखवलं आणि निघालो.

घरी पहिल्याच रात्री अडीच वाजता गाऊन ओला लागला म्हणून जाग आली. प्लेटच्या खालच्या कडेतून गळत होतं. यजमान उठले, दिवा लावला, आम्ही दोघांनी मिळून सगळं पुसलं आणि नवी प्लेट लावली. ती सकाळी नऊला गळाली. ज्यांनी हे अनुभवलेलं नाही त्यांना सांगते, लहान आतड्यातून येणारा मळ पातळ असतो आणि त्यात पाचक रस असतात. अन्न पचवणारा रस कातडीला सोडत नाही. तीन-चार दिवसांत स्टोमाभोवतीची कातडी लालबुंद झाली, मग तिचं सालपट निघालं आणि तिथून पाणी सुटायला लागलं. ओल्या कातडीवर प्लेट चिकटत नाही. चिकटली नाही की गळते, गळली की कातडी आणखी ओली होते. त्यात चार बोटांवर ती उघडी जखम. माझा जीव खरा त्या जखमेत अडकला होता. गळून आलेलं तिच्यात गेलं तर काय, या एकाच विचारानं मी रात्र रात्र उताणी पडून राहायचे.

या काळात मी जे उपाय केले ते सगळे चुकले. कडेला जास्त टेप लावली. स्टोमाची पेस्ट जाड थापली. पावडर भरपूर भुरभुरली. पावडर जास्त राहिली की प्लेट त्या पावडरीलाच चिकटते, कातडीला नाही, हे मला नंतर कळलं. एकदा खोबरेल तेल लावलं आग शमावी म्हणून, तर प्लेट तासाभरात हातात आली.

आणि प्लेटला सगळा दोष देणंही चूक होतं. माझं आउटपुटच, म्हणजे दिवसभरात पिशवीत येणारा मळच, भलता वाढला होता. एकोणिसाव्या दिवशी पोटऱ्यांत गोळे यायला लागले, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, लघवी थोडीशीच आणि गडद. मोजलं तर चोवीस तासांत २.२ लिटर. इलिओस्टोमीतून दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिलि येणं ठीक समजतात, दीड-दोन लिटरच्या वर गेलं की ते धोक्याचं. मी तहान लागते म्हणून नुसतं पाणी पीत होते, आणि जेवढं प्यायचे तेवढं ते अंगातलं मीठ घेऊन बाहेर पडत होतं. परत भरती, तीन दिवस सलाईन, मूत्रपिंडाच्या तपासण्या. तिथे डॉक्टरांनी साधं पाणी बेतानं प्यायला सांगितलं आणि मीठ-ग्लुकोजचं पाणी ठरवून दिलं. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, दिवसभर घोट घोट. जेवणाआधी अर्धा तास आतड्याचा वेग कमी करणारी गोळी. आउटपुट ९०० वर आलं. ज्यांची प्लेट सारखी सुटते त्यांनी आधी मापाचं भांडं घेऊन दोन दिवस आउटपुट मोजावं आणि आकडा डॉक्टरांना सांगावा. दोन लिटरचा लोंढा कुठलीच प्लेट धरत नाही. औषध आणि पाण्याचं प्रमाण मात्र आपलं आपण ठरवू नये, किडनीचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर मुळीच नाही.

आउटपुट उतरलं तरी गळणं पूर्ण थांबेना. पाचव्या आठवड्यात स्टोमा सिस्टरकडे, म्हणजे स्टोमाची काळजी घ्यायला शिकवणाऱ्या नर्सकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर मी काढलेली प्लेट मागितली. बरं झालं, मी ती पिशवीत गुंडाळून नेली होती. त्यांनी ती उलटी करून उजेडात धरली. चिकट थर वरच्या बाजूला कोरा होता, खालच्या बाजूला, घड्याळाच्या पाचच्या जागी, पांढरा पडून फुगलेला आणि तिथून कडेपर्यंत ओघळाची वाट.

"ताई, रोज इथूनच गळतं ना?"

मग म्हणाल्या, उभ्या राहा. आता बसा. आता चप्पल घालायला वाकता तशा वाका. बसल्याबरोबर स्टोमाच्या खाली कातडीला घडी पडली, करंगळी जाईल एवढी, आणि स्टोमा त्या घडीत आत ओढला गेला. आडवी झाल्यावर तो सेंटिमीटरभर वर दिसायचा, बसले की कातडीच्या पातळीला. मी पाच आठवडे प्लेट आडवी पडून लावत होते. खोलगट जागेवर ताठ कापड ठेवलं की झोळ पडणारच. गिऱ्हाईकाचं माप मी कधी आडवं झोपवून घेतलं आहे का?

सिस्टरनी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. १९५२ मध्ये ब्रायन ब्रुक या ब्रिटिश सर्जननी आतड्याचं टोक बाहेर उलटून शिवायची पद्धत मांडली. बाहीचा कफ उलटा दुमडतो ना, अगदी तसं. त्यामुळे स्टोमा चोचीसारखा दोन-अडीच सेंटिमीटर वर राहतो आणि मळ कातडीला न लागता पिशवीत पडतो. माझी ती चोच आत गेली होती, पोट फुगलं, जखम पिकली, त्यात वजन उतरलं, कारणं अनेक. बहिर्गोल प्लेट हेच काम बाहेरून करते. तिचा मधला भाग कातडीच्या बाजूला फुगीर असतो. तो भोवतालची कातडी हलकेच खाली दाबतो, घडी भरून निघते आणि स्टोमाचं तोंड वर येतं.

ही प्लेट मला पहिल्या आठवड्यातच का दिली नाही, असं मी विचारलं. टाके ताजे असताना दाब दिला तर स्टोमा आणि कातडी यांच्यातली शिवण उसवू शकते, म्हणून सुरुवातीला जपून वापरतात, असं त्यांनी सांगितलं. माझी शिवण त्यांनी बोटानं सगळीकडे तपासली आणि मगच मऊ प्रकार निवडला. शिवण भरलेली नसेल, स्टोमाशेजारी हर्निया असेल किंवा तिथल्या शिरा फुगलेल्या असतील तर ही प्लेट स्वतःच्या मनानं आणू नये.

आता वापराबद्दल. प्लेटच्या मागे मिलिमीटरची वर्तुळं छापलेली असतात, पण माझा स्टोमा गोल नाही, लंबगोल आहे. वर्तुळावर कापलं की दोन बाजूंना कातडी उघडी राहायची. म्हणून मी जाड कागदाचा फर्मा केला. पहिला ३८ बाय ३१, आता ३४ बाय २७ चा आहे. पहिले सहा-आठ आठवडे सूज उतरून स्टोमा लहान होत जातो, तेव्हा दर आठवड्याला मोजायचं. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं. कापल्यावर आतल्या कडेवरून बोट फिरवून खरखर मोडून काढते, कारण ती टोचली तर कळत नाही. स्टोमाला वेदनेच्या नसा नसतात, पुसताना थोडं रक्त आलं तरी दुखत नाही.

बदलायची वेळ सकाळी, काही खाण्याआधी. तेव्हा आतडं शांत असतं. फर्मा, कापलेली प्लेट, कोमट पाणी, मऊ कापड, गॉजच्या सुरळ्या, सगळं आधी मांडून ठेवते आणि उभ्यानं बदलते. साबण, तेल, क्रीम काही नाही. कातडी ओली असेल तिथेच पावडर, जास्तीची झटकायची, वरून संरक्षक द्रवाचा बोळा फिरवायचा, वाळू द्यायचं, परत तेच. दोन-तीन थर झाले की ओल्या जागी कोरडी पापडी बसते आणि प्लेट धरते. लावल्यावर तळहात पाच मिनिटं तसाच ठेवायचा. अंगाच्या उबेनं चिकट थर मऊ होतो आणि कातडीच्या बारीक रेषांत शिरतो. ती पाच मिनिटं मी कधी चुकवत नाही.

पहिली बहिर्गोल प्लेट तीन दिवस टिकली. तिसऱ्या रात्री मी कुशीवर झोपले, ऑपरेशननंतर पहिल्यांदा. सकाळी यजमान म्हणाले, "अगं, तू रात्री उठलीच नाहीस." दोन आठवड्यांत सालपट निघालेली जागा गुलाबी झाली, सहाव्या-सातव्या आठवड्यात खालची जखमही मिटली.

आता उणिवा. पट्टा बसता-उठताना वर सरकतो, आणि वर सरकला की प्लेटची खालची कड उचलली जाते, म्हणजे नेमकी जिथे गरज आहे तिथे. तो स्टोमाच्या रेषेतच हवा आणि आत दोन बोटं जातील एवढा सैल. मी त्याला आतून सुती पट्टी लावून घेतली, तेव्हा घामानं चावायचा थांबला. प्लेट आणि पिशवीची कडी जुळताना टक् असा आवाज यायला हवा, पण पोट दुखत असताना तेवढा दाब देणं अवघड जातं. पहिला महिना मी पिशवी आधी प्लेटला जोडून मगच दोन्ही एकदम लावत असे. पिशवीवरची वारा सोडायची जाळी पातळ मळानं भिजली की निकामी होते, मग पिशवी फुगते आणि प्लेटला ओढ बसते. रात्री एकदा उठून वारा सोडावाच लागतो. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, हे तर कुठल्याही पिशवीला लागू. आणि चौथ्या दिवसाचा मोह नको. मी एकदा केला, मागचा थर पूर्ण विरघळलेला निघाला.

दाबाची खूण रोज बघावी लागते. प्लेट काढल्यावर गोल गुलाबी वळ उठतो, तो थोड्या वेळात जातो. निळसर डाग राहिला किंवा चट्टा पडला तर प्लेट बंद करून सिस्टरना दाखवायचं. स्टोमा जांभळा-काळा दिसू लागला, किंवा पोटात कळा, उलट्या आणि पिशवी तासन्‌तास कोरडी, तर फोन करत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. ताप, धडधड आणि पोटात वाढती कळ, ही पहिल्या काही दिवसांत जोड गळत असल्याची खूण असू शकते. याबाबत डॉक्टरांनी मला तीन वेळा बजावलं होतं.

चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना १९५४ मध्ये एलिझे सोरेनसन या डॅनिश परिचारिकेला सुचली, तिच्या बहिणीला स्टोमा झाला होता म्हणून. बहिणीचं घराबाहेर पडणं बंद झालेलं तिनं पाहिलं होतं. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ हातातली प्लेट बघत बसले होते. गळणारी पिशवी घेऊन कोंडून बसलेल्या कुणाच्या घरात हे वाचलं जात असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, गळणं हा दुखण्याचा ठरलेला भाग नाही. काढलेली प्लेट गुंडाळून सिस्टरकडे घेऊन जा आणि त्यांच्यासमोर बसून दाखवा.

पाचपैकी चार गुण देते. एक गुण पट्ट्यासाठी कापला.

सध्या रोज दोन तास मशीनवर बसते, पुढे वाकून, आणि प्लेट जागची हलत नाही. पुढच्या महिन्यात रंगद्रव्य सोडून जोडाचा एक्स-रे आहे. तो नीट आला तर स्टोमा बंद करायची तारीख मिळेल. तोवरच्या सात प्लेट कापून कपाटात ठेवल्या आहेत, प्रत्येकीवर पेन्सिलीनं वार लिहून.