बोटीसाठी पाण्याखालचे दिवे घेताना २४,५४० रुपयांना फसलो

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरात अजून तो पूर्ण सांगितलेला नाही. दोन दिव्यांचे १९,५००. 'कुरिअर विम्या'चे १,१८०. बदलून देण्याची अनामत ३,४००. आणि ते दिवे माझ्याच पैशांनी त्या माणसाला परत पाठवले, त्याचे ४६०. एकूण २४,५४०. आज हातात ना दिवे, ना पैसे.

मी अडाणी नाही. माझी छोटी फायबरची होडी आहे, आउटबोर्ड इंजिनची, आणि तिची सगळी वायरिंग मी स्वतः केलेली आहे. अकरा वर्षं खाडीच्या तोंडाशी रात्रीचा गळ टाकतोय. म्हणूनच जास्त जळफळाट होतोय. ज्याला यातलं काही कळत नाही तो फसला तर समजू शकतो. मला कळत होतं.

माणूस कसा भेटला ते लांबवत नाही. मोबाइलवर व्हिडिओ, खाली नंबर, फोनवर गोड बोलणं, 'दादा, शेवटचे दोन पीस उरलेत', आधी ५,००० आणि माल निघायच्या आत उरलेले १४,५००. हा प्रकार तुम्हाला पाठ असेल. मलाही पाठ होता. पण तो माणूस कामाचं बोलत होता, तिथे मी गाफील झालो. आपल्याकडच्या हिरवट पाण्यात हिरवा प्रकाशच लांब जातो, निळा स्वच्छ खोल समुद्रात चालतो, लाल तर पहिल्या काही मीटरमध्येच विरून जातो, हे त्याने बरोबर सांगितलं. प्रकाशाला मासा थेट येत नाही, आधी बारीक जीव गोळा होतात, त्यांच्यामागे तारली-मांदेली, त्यांच्यामागे माकूल (स्क्विड) आणि मोठा मासा, आणि तो मोठा उजेडात न येता उजेडाच्या कडेला अंधारात फिरतो, हेही त्याने सांगितलं. हे सगळं खरं आहे. खरी माहिती देणारा माणूस वस्तूही खरी देईल असं मी धरून चाललो.

व्हिडिओत तो दिवा टेबलावर ठेवून, चालू करून, सात मिनिटं त्याच्याबद्दल बोलत होता. तो व्हिडिओ मी तीन वेळा पाहिला. १०० वॅटचा पाण्याखालचा दिवा सात मिनिटं हवेत जळतोय आणि हा माणूस अधूनमधून त्याला हात लावतोय! असे दिवे पाण्यानेच थंड राहतात. खऱ्या कंपन्या डब्यावर लिहितात की पाण्याबाहेर चाचणीपुरता क्षणभरच लावा, नाहीतर आतलं एलईडी जळेल. मला हे माहीत होतं. तरी माझी नजर त्या उजेडावरच होती.

पण खरा क्षण तो नव्हे. खरा क्षण पार्सल उघडलं तेव्हाचा.

खोक्यात दोन दिवे, दहा-दहा मीटर केबल, आणि प्रत्येक केबलला बॅटरीच्या टोकाकडे फ्यूजची डबी. मी डबी उघडली. आत जांभळा फ्यूज. वायरिंगचं काम केलेला कोणीही सांगेल, गाडीच्या पात्यासारख्या फ्यूजमध्ये जांभळा म्हणजे ३ अँपिअर. १०० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर ८ अँपिअरच्या वर खेचतो. ३ अँपिअरचा फ्यूज लावताच उडायला हवा. तो उडत नसेल तर दिवा ३६ वॅटचाही नाही. गणित एवढंच. मी तो फ्यूज बोटांत धरून उजेडाकडे केला, त्यावरचा ३ चा आकडा वाचला, आणि मनाशी म्हटलं, 'एलईडी आहे, कमी वीज खात असेल.' हे वाक्य आठवलं की आजही झोप उडते. १०० वॅट म्हणजे १०० वॅट, मग एलईडी असो की जुना बल्ब. त्याच वेळी करंट मोजायचं क्लॅम्प मीटर आणून मोजलं असतं, बँकेला आणि १९३० वर त्याच दिवशी कळवलं असतं, तर कदाचित काही हाती लागलं असतं. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर. पहिल्या काही तासांत फोन केला तर समोरच्या खात्यातले पैसे अडवायची संधी असते. मी केला सतराव्या दिवशी.

पहिल्यांदा वापरायला मुद्दाम वद्य अष्टमीच्या सुमाराची रात्र निवडली. भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, म्हणून पाणी निवळ, आणि चंद्र मध्यरात्रीपर्यंत उगवत नाही. चुलतभाऊ बरोबर होता. नांगर टाकला, दिव्यांना शिसं बांधलं, दोन वाव, म्हणजे बारा फुटांच्या आसपास, खाली सोडले. उजेड इतका फिका की होडीच्या कडेवरून वाकून पाहावं लागलं. वीस मिनिटांत डावीकडचा लुकलुकायला लागला. वर ओढला तर काचेच्या आत पाणी हलताना दिसत होतं, अर्ध्यापर्यंत भरलेलं, आणि केबल जिथे आत शिरते तिथून एक बारीक धार बाहेर येत होती. चुलतभाऊ काही बोलला नाही. त्याने दिवा माझ्या हातातून घेतला आणि प्लग काढला.

दुसऱ्या दिवशी उजवीकडचा मोजला. १२.४ व्होल्टवर २.१ अँपिअर. म्हणजे २६ वॅट.

त्यांच्या खोक्यावर 'आयपी ६८' छापलं होतं. आत पाणी शिरू न देण्याचा हा दर्जा. खोली किती, ते नाही. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढं ठरलेलं आहे. ६८ ला मात्र खोली आणि वेळ बनवणाऱ्याने सांगायची असते. ती सांगितलेली नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. आणि लुमेन, म्हणजे उजेडाचं माप! खोक्यावर ५०,०००. १०० वॅटमधून चांगला एलईडी दहा ते पंधरा हजारांच्या आसपास देतो. असा आकडा दिसला की फोन ठेवून द्या.

आता ज्या मूर्खपणाची लाज सगळ्यात जास्त वाटते तो. मी चिडून फोन केला तेव्हा तो माणूस अजिबात भांडला नाही. 'दादा, पीस खराब निघाला, माफ करा. जुने पाठवून द्या, नवीन लगेच निघतील. फक्त ३,४०० अनामत भरा, जुने पोचले की परत.' मी भरली. दिवे पाठवले. माझ्या हातातला एकुलता एक पुरावा मी स्वतः बांधून, कुरिअरची पावती घेऊन त्याच्या हवाली केला. नंतर नंबर बंद. वस्तू परत पाठवू नका. काहीही सांगितलं तरी पाठवू नका. फोटो, व्हिडिओ, मीटरवरचा आकडा, खोकं, सगळं जपून ठेवा.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न हाच होता, वस्तू कुठे आहे? मी पावती दाखवली. 'म्हणजे तुम्ही परत दिली. मग व्यवहार मिटला ना?' नाही मिटला साहेब, म्हणून तर आलो! ते म्हणाले सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले वस्तू मिळाली होती, म्हणजे ही ऑनलाइन चोरी नव्हे, खरेदीतला वाद आहे, ठाण्यात जा. दोन वेळा इकडून तिकडे. तिसऱ्या वेळी ठाण्यातल्या एकाने मान वर करून विचारलं, 'एलईडीच्या मासेमारीवर बंदी आहे ना? तुम्ही घेतलेच कशाला?' आणि शेजारचा हसला.

बंदी आहे हे मला माहीत आहे. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये घातली, राज्याने १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ ला दुरुस्ती करून दंड लाखांवर नेला. आणि ती बंदी योग्यच आहे. मोठे जनरेटर लावून, पर्ससीनच्या मोठ्या घेरजाळ्याने अख्खा थवा बारक्या माशांसकट उचलणाऱ्यांनी छोट्या मच्छीमारांचं काय केलंय ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण मी जाळं टाकत नाही. एक गळ, एक दोरी. विकणाऱ्याने 'गळाला बंदी नाही' असं छातीठोक सांगितलं आणि मी ते विकणाऱ्याकडून ऐकून घेतलं, ही चूक माझी. ते घेण्याआधी मत्स्य खात्याला लेखी विचारायला हवं होतं. तुम्ही विचारा, आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

मी मात्र नंतर विचारलं. गळाच्या होडीला दिवा चालतो की नाही, हो किंवा नाही सांगा. 'अर्ज द्या.' दिला, आवक नंबर घेतला. सात आठवडे झाले. तीन वेळा गेलो. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा फाइल वर गेलेली, एकदा नुसतंच 'उद्या या'. बंदी राबवणाऱ्या माणसाला ती कुठे लागू होते हे सांगता येत नसेल तर छोट्या माणसाने कोणाला विचारायचं? त्या फसव्याला? तो तरी फोन उचलत होता! बँकेत गेलो तर, 'पिन तुम्हीच टाकला ना?' चार वेळा टाकला, हो. म्हणून चोर चोर राहत नाही का?

बिलावर जीएसटी नंबर होता. तो जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट तपासता येतो, दोन मिनिटांचं काम. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. माणूस म्हणत होता गोदाम मुंबईत, नंबर ०७ ने सुरू, म्हणजे दिल्लीचा. मी तो तपासला ठाण्यातून घरी आल्यावर. कापडाच्या दुकानाचा निघाला.

आणि दिवा खरा मिळाला तरी इंजिन चालू करायच्या बॅटरीवर लावू नका. ८ अँपिअर सहा तास म्हणजे जवळपास ५० अँपिअर-तास गेले, पहाटे इंजिन उठणार नाही आणि ओहोटी तुम्हाला बाहेर नेईल. दिव्याची बॅटरी वेगळी ठेवा.

ग्राहक आयोगाची तक्रार सोमवारी भरतोय. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला नोंद केली आहे. माझ्याकडे उरलंय ते चार व्यवहारांचे क्रमांक, कुरिअरची पावती, एका दिव्याचा अंधुक फोटो आणि खोक्यातल्या छोट्या पिशवीत आलेला जास्तीचा फ्यूज, जांभळा. जांभळ्या फ्यूजचे असे दिवे कोणाकडे आले असतील तर ते तसेच ठेवा आणि मला कळवा, तक्रारीत दुसरं नाव असेल तर निदान कोणीतरी फाइल उघडेल.